शुगरची अर्धी गोळी

संपादकांनी फोनवर सांगितलं, "ताई, नोकरीतले अनुभव लिहा, पण वाचकाला उमेद वाटेल असं काहीतरी लिहा." मी हो म्हटलं आणि फोन ठेवून हसत बसले. उमेद! वर्धा जिल्ह्यात मी एचआयव्हीची समुपदेशक म्हणून नोकरी केली आणि त्याच खुर्चीतून निवृत्त झाले. त्या खोलीत येऊन माणसं किती प्रकारचं खोटं बोलतात, यावर मात्र मी त्यांना अख्खा अंक भरून दिला असता.

खोली सरकारी दवाखान्यात, एक्स-रेच्या पलीकडे, व्हरांड्याच्या टोकाला. बाहेर पाटी, पाटीवर बाण. त्या बाणाच्या दिशेने जाताना ओळखीच्या कोणी पाहू नये म्हणून लोक काय काय करत! एक गुरुजी "डोळ्यांचे डॉक्टर कुठे बसतात?" असं साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा विचारत यायचे आणि माझ्या खोलीत शिरले की निवांत खुर्चीत बसायचे. माझ्या दारातला कचऱ्याचा डबा औषधाच्या बाटल्यांवरून खरवडलेल्या लेबलांनी भरलेला असे. गोळ्या पिशवीत वाजू नयेत म्हणून बाटलीत कापूस कोंबायची युक्ती मला रुग्णांनीच शिकवली. जिल्हा कापसाचा असल्यामुळे त्याची टंचाई नव्हती.

आता काम सांगते. रक्त घ्यायच्या आधी बोलायचं, रिपोर्ट आल्यावर बोलायचं. रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर तो सांगायचा आणि मग समोरचा रडो, ओरडो की भिंतीकडे बघत बसो, आपण जागचं हलायचं नाही. हे कोणीही शिकू शकतं. खरं काम पुढच्या प्रश्नापासून सुरू होतं. कोणाला सांगणार? बायकोला किंवा नवऱ्याला सांगायलाच हवं, कारण त्यांच्या जिवाचा प्रश्न असतो. बाकी आई, भाऊ, मित्र, शेजारी यांना सांगायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं. मी कोणालाही सांगू शकत नाही. जोडीदाराच्या बाबतीत अगदीच नाइलाज झाला तर कायद्यात वाट ठेवलेली आहे, पण ती वापरायची पाळी आली की मला माझं काम नापास झाल्यासारखं वाटे. ज्याचं रक्त, त्याचं तोंड, असा माझा हिशेब होता.

आणि तोंड उघडायची वेळ आली की पुरुषांचं पाणी जोखता येतं. गावच्या सभेत तासभर माइक न सोडणारा माणूस माझ्यासमोर हात जोडायचा, "मॅडम, तुमीच सांगा ना तिले." एकाने आपल्या बायकोला सांगायला साळ्याला पाठवलं होतं. म्हणजे तिच्या सख्ख्या भावाला! भावाने सांगितलं तेव्हा हा दारामागे उभा होता. बायका मात्र बहुतेक वेळा त्याच संध्याकाळी घरी जाऊन सांगून टाकत आणि मग त्याची फळंही भोगत. आष्टीकडच्या एका मुलीने फक्त जिवाभावाच्या मैत्रिणीला सांगितलं. मैत्रिणीने फक्त नवऱ्याला सांगितलं. आठवडी बाजाराला मुलगी गेली तेव्हा भाजीवालीने सुटे पैसे तिच्या हातात न देता पोत्यावर ठेवले. त्यावरून तिला बातमी कुठवर पोचली ते कळलं.

शिकलेल्यांच्या घरी तर याहून नाजूक प्रकार. एका अधिकाऱ्याने मला अभिमानाने सांगितलं, "आम्ही भावात काही फरक केला नाही हो. उलट त्याला स्टीलचं नवं ताट आणलं, पेला आणला, त्यावर त्याचं नाव घालून घेतलं." आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते लग्नात, आठवण म्हणून. या घरात ते घातलं, दुसऱ्या कोणी चुकून त्या ताटात जेवू नये म्हणून. तो भाऊ माझ्याकडे यायचा तेव्हा म्हणायचा, "मॅडम, घरात माझंच नाव सगळ्यात मोठ्या अक्षरात आहे." आणि याच अधिकाऱ्याला दर डिसेंबरात एड्स-दिनाच्या रॅलीत छातीवर लाल फीत लावून पुढे चालताना मी पाहत असे.

पण मला सांगायची आहे ती वासुदेवची गोष्ट. नाव बदललंय, गाव बदललंय, आणि मी त्याला आचारी म्हणते म्हणून तो आचारीच असेल असं समजू नका. तुमच्या घरच्या लग्नातली बुंदी कोणी पाडली होती ते आठवत बसायची तर मुळीच गरज नाही.

वासुदेव कारंजा घाडगेच्या बाजूचा. लग्नसराईत त्याला श्वास घ्यायला फुरसत नसायची. त्याच्या हातची वांग्याची भाजी आणि बुंदी यांसाठी लोक मुहूर्त काढायच्या आधी त्याला विचारायचे. तो पहिल्यांदा आला तेव्हाच त्याने मला सांगितलं, "मॅडम, मले बायको नाई. होती, सोडून गेली." चेहरा असा पाडला की मी पुढे काही विचारू नये. आमच्या कागदावर तसंच लिहिलं गेलं. मी त्याला समजावून सांगितलं की जेवणातून, पाण्यातून, भांड्यातून हा विषाणू जात नाही, तुमचा धंदा सुरू ठेवा. तो म्हणाला, "तुमाले मालूम हाये. वऱ्हाडाले कोन सांगल? माह्या हातचा भात उकिरड्यावर टाकतील लोकं." त्यात काही खोटं नव्हतं. एकाच पुडीतला सुपारी-तंबाखूचा खर्रा चार जण मिळून खाणारे हे लोक, यांनी त्याची कढई पालथी घातली असती. त्यामुळे त्याने जगाला सांगू नये हे मलाही मान्य होतं.

औषध त्याला मानवलं. रोज एक गोळी, तीही आयुष्यभर. नियमाने घेतली की रक्तातले विषाणू इतके कमी होतात की तपासणीत दिसत नाहीत, आणि मग त्याच्यापासून जोडीदारालाही लागण होत नाही. वर्षातून एकदा आम्ही ते विषाणू मोजायला रक्त पाठवायचो. वासुदेवचा रिपोर्ट दर वेळी स्वच्छ यायचा. शहाणा रुग्ण, असं मी त्याच्याबद्दल मनात धरून ठेवलं होतं.

मग एका वर्षी रिपोर्ट बिघडला. विषाणू चांगलेच वाढलेले. याचा अर्थ जवळजवळ नेहमी एकच असतो, की गोळ्या चुकतात. मी त्याला बसवून विचारलं. तो शपथेवर आला.

"एकबी दिस चुकला नाई मॅडम. माह्या मायची शपथ."

"वासुदेवराव, रक्त खोटं बोलत नाही."

"मी कायले खोटं बोलू? रोज जेवन झालं का बायको सोता हातावर गोळी देते."

मी हातातला पेन खाली ठेवला.

"कोणती बायको?"

तो पायातल्या चपलांकडे बघायला लागला. माझ्या नोकरीत मला राग पुष्कळ वेळा आला, पण त्या दिवशीइतका कधीच नाही. मग एकेक बाहेर आलं. बायको होती. सुनंदा नाव. कधी कुठे गेली नव्हती. शाळेत जाणारी मुलगी होती, मधुमेहाने जेरीस आलेली म्हातारी आई होती. मला बायको नाही म्हणून सांगितलं होतं, कारण असती तर मी तिला घेऊन या म्हणाले असते. आणि बायकोला सांगितलं होतं की मला शुगर निघाली, तिची गोळी रोज घ्यावी लागते.

शुगर! आमच्या भागात हा शब्द म्हणजे मोठं सोयीचं पांघरूण. शुगर सभ्य माणसाला होते, शुगर झालेल्याची कोणी चौकशी करत नाही, उलट दोन घरगुती उपाय सांगतात. बिचाऱ्या सुनंदाने ते सगळे उपाय केले. कारल्याचा रस, मेथीचे दाणे, जांभळाच्या बियांची भुकटी. चहा बिनसाखरेचा. आणि ज्याच्या हातची बुंदी तालुका खातो, तो हा आचारी घरी वर्षानुवर्षं कारलं गिळत राहिला, पण तोंडातून खरं काढलं नाही. लग्नाच्या स्वयंपाकात मात्र पाक चाखायच्या निमित्ताने मनसोक्त गोड खायचा.

"बरं," मी म्हटलं, "बायको रोज गोळी देते, तर मग विषाणू वाढले कसे?"

तो आणखी खाली वाकला. "अर्धी देते."

सुनंदाचं डोकं सरळ चाललं होतं. नवरा लग्नाघरी गोड चाखतो तरी त्याची शुगर वाढत नाही, तब्येत ठणठणीत. सासू गावच्या दवाखान्यातल्या गोळ्या खाते आणि तिची शुगर खाली यायचं नाव घेत नाही. म्हणजे नवऱ्याची मोठ्या दवाखान्यातली गोळी भारी असणार. तिने गोळ्यांचा डबा आपल्या ताब्यात घेतला आणि रोज एक गोळी विळीवर ठेवून मधोमध कापायला लागली. अर्धी नवऱ्याला, अर्धी सासूला. सासूनेही आनंदाने जुन्या गोळ्या बंद केल्या. यात सुनंदाचं काय चुकलं, ते मला आजही कोणी सांगावं. घरात चांगली वस्तू आली की ती वाटून खायची, हेच तिला शिकवलेलं होतं.

"आणि तुम्ही पाहत होता? कधीपासून?"

"पोळ्यापासून."

तेव्हा होळी जवळ आली होती.

"तिला एका शब्दाने अडवलं नाही?"

"अडवलं असतं तं तिनं इचारलं असतं, काऊन म्हून."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. आई एचआयव्हीचं औषध खाते, तिचं स्वतःचं औषध बंद आहे, आपल्या रक्तात विषाणू वाढतायत, शेजारी बायको झोपते, तिला कशाचीच कल्पना नाही. आणि या माणसाला अडचण कसली, तर बायको का म्हणून विचारील याची! भेकड माणसं मी खूप पाहिली, पण भीतीपायी आपल्या आईला परक्या रोगाचं औषध खाऊ घालणारा हा पहिलाच. मी त्याला स्पष्ट सांगितलं, "आजपासून गोळी अख्खी आणि तुमच्या हाताने. आईला उद्याच्या उद्या दाखवा. आणि या आठवड्यात बायको इथे आली नाही, तर पुढचं मी डॉक्टरांशी बोलून ठरवीन. तोवर तिला हात लावायचा नाही."

"मॅडम, तुमी सांगा तिले. मी संग बसतो."

"मी बसते संग. सांगायचं तुम्ही."

त्याच आठवड्यात ते दोघं आले. सुनंदा नीटनेटकी, बारीक चणीची, बोलायला मोकळी. पिशवीतून मेथीदाण्याची पुडी काढून तिने टेबलावर ठेवली आणि तीच सुरू झाली, "मॅडम, यायची शुगर वाढली म्हने. माह्यं काई चुकून राह्यलं का? मी तं गोडाचा कनबी देत नाई."

मी वासुदेवकडे पाहिलं. त्याने भिंतीवरच्या पोस्टरकडे पाहिलं. पोस्टरवरचं हसरं जोडपं त्याला काही मदत करेना. माझ्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट बोलणं नसून गप्प बसणं आहे, आणि ती मी त्या दिवशी दात आवळून केली.

"शुगर नाई मले," तो अखेर पुटपुटला.

सुनंदाचा चेहरा उजळला. "गेली?"

"नवतीच."

"नवती? मंग गोळी कायची?"

त्याने सांगितलं. शब्द नीट उच्चारला, एवढं श्रेय त्याला देते. सुनंदा पुडीचा दोरा बोटाला गुंडाळत राहिली. मग तिने विचारलं, "कदीपासून?"

"पोरीचं नाव शाळेत टाकलं, तवापासून."

"पोरगी नववीत हाये."

आणि मग ती नवऱ्याला अहो-जाहो करणारी बाई सगळं सोडून एकदम अरे-तुरेवर आली. "इतके वर्सं तुह्यासाठी मी फिक्का चहा पेली! एका घरात दोन चहा कायले मांडा म्हून मीबी साखर सोडली. सनाले गोड केलं नाई. पोरीनं शिरा मांगतला तं तिले रागावली, का बापासमोर खाऊ नको. आन् तू तिकडं लगनात बुंदी हानून राह्यला होता!"

कोणाला वाटेल की एवढ्या मोठ्या गोष्टीत ही बाई चहाचं काय घेऊन बसली. मला तसं वाटलं नाही. रोग कुठून आणला हे तिने विचारलं नाही. बाहेरचं जग पहिल्यांदा तेच विचारतं, जणू ते कळल्यावर कोणी बरं होतं. सुनंदाने विचारलं ते तिच्या रोजच्या कपाबद्दल. फसवणूक तिथेच, तिच्याच हातून, रोज दोन वेळा झाली होती.

मग तिने बाही वर सरकवली. "माह्यं रक्त घ्या."

रिपोर्ट येईपर्यंत ती बाकाच्या एका टोकाला, तो दुसऱ्या. मी चहा मागवला, दोघांनीही घेतला नाही. मला सवय असूनही त्या वेळी मी प्रयोगशाळेच्या दारात दोनदा जाऊन आले. निगेटिव्ह आला. मी तिला सांगितलं की हे चांगलं आहे, पण अलीकडची लागण लगेच दिसत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला हवं. तिने मान हलवली. रडली नाही. विचारलं ते एवढंच, "मायले मी खाऊ घातली गोळी. तिले काई होईल का?"

झालं होतं. त्या गोळीने नव्हे, तर स्वतःच्या गोळ्या बंद झाल्याने. म्हातारीची शुगर भलतीच चढली होती आणि पायाच्या अंगठ्याची जखम तिने कोणाला दाखवली नव्हती. अंगठा काढावा लागला. लेकाच्या जिभेवर एक शब्द येईना, म्हणून आईच्या पायाचा अंगठा गेला. मी हे वासुदेवला असंच, याच शब्दांत ऐकवलं. समुपदेशकाने असं बोलू नये असं प्रशिक्षणात शिकवतात. प्रशिक्षण देणाऱ्यांना वासुदेव भेटलेला नसतो.

सुनंदा मुलीला घेऊन माहेरी, केळझरला निघून गेली. वासुदेव माझ्याकडे धावत आला. मला वाटलं, तिच्या दुसऱ्या तपासणीची काळजी असेल. त्याने विचारलं, "मॅडम, थे कोनाले सांगल तं नाई ना?"

"तुमच्यापेक्षा जास्त भरवशाची आहे ती," मी म्हटलं आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

तिने कोणालाही सांगितलं नाही. आईला नाही, भावाला नाही. ठरलेल्या दिवशी एकटी एसटीने आली, रक्त दिलं. पुन्हा निगेटिव्ह. त्या वेळी मात्र ती माझ्या टेबलावर डोकं ठेवून खूप रडली आणि मीही डोळे पुसले, ते कबूल करायला मला लाज वाटत नाही. त्याच दुपारी ती कारंज्याच्या गाडीत बसली. जाताना म्हणाली, "सासूच्या पायाची पट्टी कोन बदलन? तिच्यासाठी चालली मी. यायच्यासाठी नाई."

वासुदेव अख्खी गोळी घ्यायला लागल्यावर पुढचे रिपोर्ट स्वच्छ आले. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून पुढचं सगळं समजावलं. आता ते जोडीने यायचे आणि सुनंदाच प्रश्न विचारायची.

माझ्या निरोपाच्या जेवणाला आचारी कोण सांगायचा, हे मी कोणाला ठरवू दिलं नाही. वासुदेवलाच बोलावलं. सुनंदा हाताखाली होती. तो लाल फीतवाला अधिकारी माझ्याबद्दल भाषण करून आला आणि बुंदीवर तुटून पडला. तीनदा वाढून घेतली. त्याचं ताट साधंच होतं, कोणाचं नाव नसलेलं. बोटं चाटत तो कढईपाशी गेला आणि म्हणाला, "काय हात आहे हो तुमचा! तुम्ही स्वतः नाही घेतली?"

वासुदेव गडबडला. सुनंदानेच उत्तर दिलं, "शुगर हाये साहेब त्यायले."

ते खोटं आता तिचं झालं होतं. धंदा टिकवायचा, मुलीचं लग्न व्हायचं, तर शुगर टिकवायला हवी, आणि शुगर टिकवायची तर वासुदेवला गावासमोर गोड खाता येणार नाही. मला या गोष्टीचं वाईट वाटतं. इतकी वर्षं काम करून, इतक्या रॅल्या काढून आम्ही या लोकांना खरं बोलायची एकच जागा देऊ शकलो, ती एक्स-रेच्या पलीकडची खोली.

पंगती उठल्यावर सुनंदाने मला मागच्या बाजूला बोलावलं. बिनसाखरेच्या चहाचे तीन कप भरले. वासुदेवचा त्याच्यासमोर ठेवला. तो त्याने निमूटपणे तोंडाला लावला. मग तिने माझ्या कपात साखर घातली आणि आपल्या कपात दोन चमचे भरून. चमचा बराच वेळ, वाजवून वाजवून फिरवला. तिथे आम्हा तिघांशिवाय कोणी नव्हतं.

"त्यांना घाल की," मी हळूच म्हटलं. "इथे कोण बघतंय?"

सुनंदाने घोट घेतला, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "घरीबी असंच हाये मॅडम. आता मी दोन चहा मांडते."